रंगमंचावरील वरात आणि पेटीतील गजरा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा प्रस्तुत लेखकास इतिहासविषयक लेख लिहावयास सांगितले, तेव्हा मंडळातील पुष्कळांची अपेक्षा अशी असावी की, आपल्या ज्ञातीतील घराणी, त्यांची मूळ गावे आणि कुलदैवते यांविषयी चार नव्या गोष्टी वाचावयास मिळतील. तो विषय मागील अंकांतून अधिकारी व्यक्तींनी उत्तम रीतीने हाताळला आहे. आम्ही निवडलेला विषय प्रथमदर्शनी ज्ञातिकार्याशी दूरचा वाटेल. आपल्या वार्षिक संमेलनात सत्कार, अहवालवाचन आणि भोजन आटोपल्यावर रात्री जो ‘विविध गुणदर्शना’चा कार्यक्रम होतो, त्याला आजचे रूप कसे आले, हे शोधता शोधता आम्ही रंगभूमीवरून दूरचित्रवाणीपर्यंत जाऊन पोहोचलो. त्या प्रवासात आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा वाटा आहे, आणि आपल्या हातून घडलेली एक चूकही आहे. दोहोंची नोंद कोठे तरी व्हावयास हवी, म्हणून हा लेखनप्रपंच.

इंग्रज व फ्रेंच लोक ज्यास ‘रेव्ह्यू’ म्हणतात, तो रंगभूमीवरील एक मिश्र प्रकार होय. त्यात एक सलग कथानक नसते. एक गाणे, मागून एक प्रहसन, मग एखादी नक्कल, थोडे नृत्य, पुन्हा एक संभाषण, अशी स्वतंत्र प्रवेशांची माळ असते, आणि ती ओवणारा दोरा म्हणजे सूत्रधाराचे निवेदन. नाव परकीय असले तरी वस्तू आपल्याला परकी नाही. देवळातील उत्सवाच्या अखेरीस होणारे लळीत आठवावे. त्यात चोपदार येई, वासुदेव येई, गोंधळी येई, बहिरा आणि मुका येऊन हशा पिकवीत, आणि प्रत्येक सोंग आपले काम करून देवापुढे मागणे मागून निघून जाई. गणेशोत्सवातील मेळे हाही त्याच जातीचा प्रकार. पुढे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने गाणी, नृत्ये व लोकनाट्ये एकत्र गुंफून गावोगाव जे कार्यक्रम केले, तेही या कुळातले. आपल्या वऱ्हाडात रायरंद, म्हणजे बहुरूपी, सकाळी एका सोंगात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच सोंगात दारी उभा राहात असे. आणि भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत घराघरांतून चालणारी भुलाबाई तर केवळ मुलींनी चालविलेला मासभराचा रेव्ह्यूच म्हणावयास हवा. तीत टिपऱ्या, गाणी, सासर-माहेरच्या माणसांच्या नकला आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा खेळ असे सारे एकत्र नांदते. भुलाबाईकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

आता जिल्ह्याच्या वाट्याविषयी. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांना मराठी विनोदाचे जनक मानतात. त्यांचा जन्म नागपूरचा असला तरी बालपणीचे शिक्षण बुलढाण्यास झाले, आणि पुढे वकील झाल्यावर त्यांनी खामगाव व जळगाव जामोद येथे वकिली केली. १८९६ साली किर्लोस्कर मंडळीने त्यांचे ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणले आणि नाटककार म्हणून त्यांची कीर्ती पसरली. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे विनोदी लेख अधिक महत्त्वाचे आहेत. १९०२ साली ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात ‘साक्षीदार’ हा त्यांचा लेख आला. वऱ्हाडातील कचेऱ्यांत वावरणाऱ्या वकिलाला हा विषय शोधावयास फार लांब जावे लागले नसेल! या लेखांतून सुदामा, बंडूनाना व पांडुतात्या हे त्रिकूट अवतरले, आणि १९१० साली लेख पुस्तकरूपाने निघाले तेव्हा ‘सुदाम्याचे पोहे’ या नावाला ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ असे दुसरे नाव जोडलेले होते. रेव्ह्यू या शब्दासाठी मराठी प्रतिशब्द शोधणाऱ्यांनी याहून चांगला शब्द आम्हाला दाखवावा.

या कडबोळ्याचा वारसा कसा चालला ते पाहण्याजोगे आहे. राम गणेश गडकरी कोल्हटकरांना गुरू मानीत, आणि ‘बाळकराम’ या नावाने त्यांनी विनोदी लेखन केले. त्यानंतर चिंतामण विनायक जोशी यांनी चिमणराव व गुंड्याभाऊ ही जोडी निर्माण केली. त्यानंतर पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे आले. ही चार नावे एका ओळीत मांडली म्हणजे ध्यानात येते की, जी माणसे पुढे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर बोलू लागली, त्यांचे पणजोबा सुदामा व बंडूनाना हे आपल्या घाटाखालच्या गावांत, कापसाच्या गाड्यांच्या आवाजात वाढले. नाटक मंडळ्याही कापसाच्या हंगामात वऱ्हाडात उतरत असत, कारण त्याच दिवसांत लोकांच्या हाती पैसा खुळखुळे. खामगावच्या वडीलधाऱ्यांकडून त्या मुक्कामांच्या गोष्टी आम्ही लहानपणी पुष्कळ ऐकल्या आहेत. त्यांतील अर्ध्या भागावर विश्वास ठेवला तरी पुरे.

दूरचित्रवाणी जन्मास आली तीच मुळी रंगभूमीचे बोट धरून. लंडन येथील अलेक्झांड्रा पॅलेसमधून बी.बी.सी.ने २ नोव्हेंबर १९३६ रोजी नियमित दूरचित्रवाणी सुरू केली, आणि त्या पहिल्याच दिवशी गाण्या-नाचाचा एक विविधरंगी कार्यक्रम होता. अमेरिकेतील उदाहरण तर आपल्या संमेलनाच्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावे असे आहे. पेन्सिल्व्हेनिया प्रांतातील पोकोनो डोंगरात टॅमिमेंट नावाचे एक उन्हाळी विश्रामस्थान होते. ते समाजवादी विचारांच्या एका शिक्षणसंस्थेने चालविलेले असून तेथे शहरांतील श्रमजीवी व नोकरदार मंडळी सुटीसाठी येत. त्यांच्या करमणुकीकरिता मॅक्स लीबमन नावाचे गृहस्थ दर आठवड्यास एक नवा रेव्ह्यू बसवीत. आठ दिवसांत लिहावयाचा, बसवावयाचा, करावयाचा आणि विसरावयाचा! या शिस्तीत तयार झालेले लीबमन १९४९ साली दूरचित्रवाणीकडे वळले. त्यांच्या पहिल्या कार्यक्रमाचा खर्च चित्रपेट्या बनविणारी एक कंपनी करीत असे. कार्यक्रम पाहून पेट्यांची मागणी इतकी वाढली की, कंपनीला कारखान्यासाठी पैसा हवा झाला आणि तिने कार्यक्रमच बंद केला, असे सांगतात. पुढे १९५० ते १९५४ पर्यंत दर शनिवारी रात्री दीड तास लीबमन यांचा ‘युअर शो ऑफ शोज’ हा कार्यक्रम सिड सीझर व इमोजीन कोका या नटांना घेऊन थेट प्रक्षेपित होत असे. तो नाट्यगृहात, समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे होई. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तेथे कॅमेरा नाट्यगृहात गेला होता.

आपल्याकडे दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचा प्रारंभ झाला. आरंभी आठवड्यातून दोन दिवस, एकेक तास, एवढाच तिचा पसारा होता. आणि या केंद्राचे पहिले निर्माते कोण? तर आपले पु. ल. देशपांडे! आकाशवाणीत असताना त्यांना बी.बी.सी.कडे शिक्षणासाठी विलायतेस पाठविण्यात आले होते, आणि त्या प्रवासावरील ‘अपूर्वाई’ घराघरांत वाचली गेली. ज्याला नाटक, संगीत, अभिनय, वक्तृत्व आणि लेखन ही सारी अंगे वश आहेत असा मनुष्य या नव्या माध्यमाच्या आरंभीच लाभावा, हा योगच म्हणावयाचा. परंतु त्यांचे मन सरकारी चाकरीत रमले नाही. ते महाराष्ट्रात परतले आणि १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ घेऊन एकटेच रंगमंचावर उभे राहिले. या प्रयोगाला त्यांनी आपल्या जुन्या ‘बहुरूपी’ शब्दाचा मान दिला. पाठोपाठ १९६२ साली ‘वाऱ्यावरची वरात’ निघाली. श्रीकांत मोघे यांच्यासारखे नट तीत होते. गाणी, नकला, भाषणे, गावरान आणि शहरी माणसांचे नमुने यांची ती माळ होती. मराठीतला पहिल्या प्रतीचा रेव्ह्यू कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही ‘वरात’ हेच उत्तर देऊ. देशातील दूरचित्रवाणीचा पहिला निर्माता ती पेटी मागे टाकून हाडामांसाच्या प्रेक्षकांकडे परत आला, ही गोष्ट आम्हाला नेहमीच विचार करावयास लावते. दहा-अकरा वर्षांनी पेटीच त्यांच्या मागे महाराष्ट्रात आली.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीचा उंच मनोरा हे त्याचे चिन्ह. १९७३ पासून सिंहगडावरील केंद्रामुळे पुणेकरांनाही मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. चित्रे कृष्णधवल, वेळ संध्याकाळचा थोडा, आणि एका चाळीत एखाद-दुसरा संच. संच ज्यांच्या घरी असे, त्यांच्या दारापुढील चपलांच्या संख्येवरून कार्यक्रमाची लोकप्रियता मोजता येई. ‘आमची माती, आमची माणसं’ शेतकऱ्यांसाठी होता, ‘किलबिल’ मुलांसाठी होता. परंतु घरातील सर्वांनी मिळून वाट पाहावी असा कार्यक्रम म्हणजे ‘गजरा’. विनायक चासकर यांच्यासारख्या रंगभूमी जाणणाऱ्या निर्मात्याने तो घडविला. लहान लहान प्रहसने, विनोदी संभाषणे आणि नाट्यप्रवेश निवेदनाच्या दोऱ्यात ओवलेले असत. नावच पाहा. सुटी फुले एका दोऱ्यात ओवली की गजरा होतो. रेव्ह्यूची व्याख्या याहून थोडक्यात करता येणार नाही.

या कार्यक्रमांतील बहुतेक मंडळी रंगभूमीवरून आणि नभोवाणीवरून आलेली होती. ‘झोपी गेलेला जागा झाला’ या गाजलेल्या फार्सचे कर्ते बबन प्रभू हे नभोवाणीत मुरलेले. याकूब सईद यांच्यासह त्यांनी केलेला ‘हास परिहास’ हा केवळ दोन माणसांच्या बोलण्यावर उभा राहिलेला कार्यक्रम होता. किशोर प्रधान हे नागपुरास वाढलेले. ‘गजऱ्या’तून त्यांचा चेहरा मुंबई-पुण्याच्या घरांत ओळखीचा झाला. चि. वि. जोशी यांचे चिमणराव त्याच दशकात मालिकेच्या रूपाने अवतरले. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले, आणि लोकांना पुस्तकातील मूळ चित्रे आठवेनाशी झाली. ‘वाऱ्यावरची वरात’ही पुढे दूरदर्शनने चित्रित करून दाखविली. म्हणजे लळितापासून निघालेली आणि खामगाव, जळगाव जामोद करीत गेलेली वाट अखेरीस वरळीच्या कलागारात पोहोचली.

पण हे स्थलांतर केवळ बैठक उचलून दुसऱ्या खोलीत मांडण्याइतके सोपे नव्हते. नाट्यगृहातील नट शेवटच्या रांगेतील माणसासाठी बोलतो. त्याचा आवाज, हातवारे, चेहऱ्यावरील रंग, सारे काही पन्नास हातांवरून दिसावे व ऐकू यावे अशा बेताने योजलेले असते. कॅमेऱ्यापुढे तोच अभिनय आरडाओरडीसारखा भासतो. तेथे भुवई उंचावली तरी ती साऱ्या पडद्यावर पसरते. त्यामुळे आवाज खाली आणावा लागला, हातवारे आवरावे लागले, वीस मिनिटांचे प्रहसन सात-आठ मिनिटांत बसवावे लागले. ज्यांना नभोवाणीची सवय होती त्यांना हे लवकर साधले, हे स्वाभाविकच होते. मायक्रोफोनशी हळू बोलण्याची कला ते आधीच शिकलेले होते.

दुसरी अडचण याहून खोल होती. विनोदी नट वाक्य टाकल्यावर हशासाठी थांबतो. तो थांबा किती असावा हे पुस्तकात लिहिलेले नसते. ते त्या रात्रीचा प्रेक्षक ठरवितो. हशा मोठा आला तर नट पुढचे वाक्य अडवून धरतो, आला नाही तर पटकन पुढे सरकतो. कलागारात समोर तीन कॅमेरे, वर दिवे आणि खुणा करणारा एक माणूस. अमेरिकेत कॅमेरा नाट्यगृहात गेला होता, असे आम्ही वर म्हटले. आपल्याकडे बहुतांशी नाट्यगृहालाच प्रेक्षक बाहेर ठेवून कलागारात यावे लागले. हशा घरी, चाळीच्या खोलीत पिकत असे, पण तो नटाला ऐकू जात नसे. अशा स्थितीत त्या पिढीतील नटांनी जो नेमका थांबा साधला, तो त्यांनी वर्षानुवर्षे गावोगावच्या प्रेक्षकांकडून शिकून आणलेला होता. त्या अदृश्य शिदोरीवर पहिली दहा वर्षे निघाली, असे आमचे मत आहे. आणखी एक खेदाची गोष्ट अशी की, चित्रफिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. आरंभीचे कितीतरी कार्यक्रम त्यामुळे आज कोठेच पाहावयास मिळत नाहीत.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. वरळीचा मनोरा कितीही उंच असला तरी दूरचित्रवाणीच्या लहरी सरळ जातात. सह्याद्री ओलांडून, अजिंठ्याच्या रांगा चुकवून, चारशेहून अधिक किलोमीटरांवरील बुलढाण्यास त्या पोहोचणे शक्यच नव्हते. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे मुंबईच्या लोहमार्गावर असली, मुंबईचे वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी जलंबहून खामगावास येत असले, तरी मुंबईची चित्रे मात्र येत नव्हती. आपल्याला नागपूरची नभोवाणी होती. ती १९४८ पासून ऐकण्याचा आपला परिपाठ. त्यामुळे १९७० च्या दशकात बुलढाणा जिल्ह्यातील माणसांनी ‘गजरा’ पाहिला नाही. त्यांनी तो ऐकला, आणि तोही पत्रांतून.

असेच एक पत्र १९७५ च्या पावसाळ्यात आमच्या घरी आले. दादरास राहणाऱ्या आमच्या चुलतभावाने चार पाने भरून ‘गजऱ्या’चे वर्णन केले होते. एक मनुष्य खुर्चीवर बसून हळू आवाजात बोलतो, मग दोघे-तिघे येऊन लहानसे नाटुकले करतात, पुन्हा तो मनुष्य बोलतो, आणि सारे अर्ध्या तासात आटोपते. फार आटोपशीर, फार सुधारलेले काम असते, वगैरे. आम्ही तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचे होतो आणि मंडळाच्या करमणूक समितीत नव्यानेच शिरलो होतो. त्या वर्षीचे संमेलन दिवाळीनंतर खामगावास भरावयाचे होते. आपले विविध गुणदर्शन फार लांबते, रात्रीचे दोन वाजतात, अशी तक्रार दरवर्षी होतच होती. आम्ही तरुणांनी ठरविले की, यंदा ‘गजरा’ करावयाचा.

ज्याने ती वस्तू कधी पाहिली नाही, त्याने तिची नक्कल करावी, हे धाडसच होते. पत्र समोर ठेवून आम्ही तालमी केल्या. सुताराकडून पाच हात रुंद आणि चार हात उंच अशी लाकडी चौकट करवून घेतली, तिला काळा कागद लावला, खाली दोन गोल बटणे रंगविली, आणि ती रंगमंचाच्या मध्यभागी उभी केली. सर्व प्रवेश या चौकटीच्या आत बसून करावयाचे, आणि पत्रात लिहिल्याप्रमाणे हळू आवाजात बोलावयाचे, असा दंडक घातला. कार्यक्रम अर्ध्या तासाचा नव्हे, तरी दीड तासाचा करावयाचा म्हणून पूर्वीच्या यादीतून पुष्कळ गोष्टी गाळल्या. दोन पोवाडे गेले. एका वृद्ध गृहस्थांची पशुपक्ष्यांच्या आवाजांची नक्कल गेली. आणि बायकांची भुलाबाई गेली.

भुलाबाईचा हा भाग आमची थोरली आत्या बसवीत असे. सात-आठ मुली आणि तितक्याच सासुरवाशिणी गोल करून टिपऱ्या धरीत, आत्या मध्ये बसे. ती गाण्याचा एक चरण टाकी आणि मग सासऱ्याची, नणंदेची, गावच्या सोनाराची अशी सोंगे बसल्या जागी करी. पुढे खिरापत ओळखण्याचा खेळ होई आणि त्यात प्रेक्षकही ओरडून भाग घेत. पंधरा मिनिटे म्हणून सुरू झालेला हा भाग कधी पाऊण तास चाले. आम्हाला तो जुनाट वाटला. चौकटीत तो मावतही नव्हता. आत्याला सांगावयास आम्हीच गेलो. ती तेव्हा ज्वारी निवडीत होती. वर न पाहता म्हणाली, “होऊ दे रे बाप्पा, पोट्ट्यायचं होऊ दे. मंग पाहू.”

संमेलनाच्या रात्री पडदा वर गेला आणि चौकट पाहून टाळ्या पडल्या. निवेदक खुर्चीवर बसून हळू आवाजात बोलू लागला. पहिल्या तीन रांगांना त्याचे बोलणे ऐकू आले असावे. चौथ्या रांगेपासून मागे कुजबुज सुरू झाली. पहिला प्रवेश झाला. नटांचे गुडघ्यांपासून वरचे भाग तेवढे दिसत होते, बाजूला बसलेल्या लोकांना तेही दिसत नव्हते. मागून मुले रडू लागली. दुसऱ्या प्रवेशाच्या मध्यावर मेहकरकडचे एक वजनदार वडील गृहस्थ उभे राहून गरजले, “अरे, पेटीतून बाहेर या आणि मोठ्यानं बोला!” सभागृहात जो हशा उसळला, तो त्या रात्रीचा पहिला हशा. आमचा एक नट भांबावून खरोखरच चौकटीतून बाहेर आला, आणि समोरच्या माणसांकडे पाहून बोलू लागला. तेथपासून कार्यक्रम रंगला. चौकट मागे तशीच उभी राहिली. त्या रात्री आमच्या ध्यानात एवढेच आले की, सुताराचे पैसे वाया गेले. मुंबईची नटमंडळी रंगमंचावरून पेटीत जाण्यासाठी जे विसरावयास शिकली, तेच आम्ही रंगमंचावर उभे राहून विसरलो होतो, हे कळावयास पुढे वीस वर्षे लागली.

आत्या पहिल्या रांगेत बसली होती. तिने टिपऱ्या बरोबर आणल्या होत्या. वेळ उरलाच तर असावे म्हणून आणल्या असतील. त्या कार्यक्रम संपेपर्यंत तिच्या मांडीवर होत्या. वेळ उरला नाही. पुढल्या वर्षी आम्ही तिला विचारले, तेव्हा मुलींची शाळा आहे, कोण तालमीला येणार, असे म्हणून तिने तो विषय टाळला. त्यानंतर संमेलनात भुलाबाई झाली नाही.

यापुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९८२ साली रंगीत चित्रे आली. १९८३ च्या ऑगस्टात इन्सॅट-१ बी हा उपग्रह अवकाशात गेला, आणि १९८४ पासून देशभर लहान लहान प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहू लागली. आपल्या भागात चित्रपेटी आली ती या लाटेबरोबर. परंतु उपग्रहावरून प्रथम आली ती दिल्ली. म्हणजे मराठी ‘गजऱ्या’ची वाट पाहात बसलेल्या आपल्या घरांनी आधी ‘हम लोग’ पाहिले. मुंबईचे मराठी कार्यक्रम आपल्याला नियमित दिसू लागेपर्यंत ‘गजऱ्या’चे पहिले बहराचे दिवस सरले होते. जी वस्तू पाहण्यापूर्वीच आपण तिची नक्कल केली, ती प्रत्यक्षात आपण फार थोडी पाहिली.

पेटीतील विनोदाची भाषा कोणती, हाही प्रश्न आहे. आरंभीच्या कार्यक्रमांत गिरगाव, दादर आणि सदाशिव पेठ यांचे बोलणे अधिक. वऱ्हाडी माणूस आलाच तर तो चुकला-माकला, हसे करून घेण्यासाठी. लक्ष्मण देशपांडे यांच्या एकपात्री ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगाने बावन्न सोंगे उभी करून अवघा महाराष्ट्र हसविला. मात्र त्या ‘वऱ्हाडा’चा आपल्या वऱ्हाडाशी काही संबंध नाही, ते लग्नाचे वऱ्हाड, आणि बोली मराठवाड्याची. आपली बोली पडद्यावर मानाने बसली ती पुष्कळ उशिरा. २०१४ साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमात अमरावतीकडचे भारत गणेशपुरे वऱ्हाडीत बोलू लागले आणि मुंबईतील मुले त्यांचे शब्द उचलू लागली. या कार्यक्रमातही सुटी प्रहसने आणि निवेदकाचा दोरा, असाच घाट होता. पण एक फरक होता. समोर प्रेक्षक बसलेले होते आणि नट हशासाठी थांबत होते. ‘गजऱ्या’च्या कलागाराबाहेर राहिलेला प्रेक्षक चाळीस वर्षांनी आत येऊन बसला होता.

आत्या १९९१ साली गेली. तिच्या शेवटच्या वर्षी आम्ही ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन तिच्याजवळ बसलो होतो. लाल दिवा पाहून ती गप्प झाली. गोल नाही, टिपऱ्या नाहीत, ओरडणारे कोणी नाही, मग गाणे कसे सुचेल, असे तिचे म्हणणे होते. फितीवर अर्धा तास आहे. त्यात ती आमच्या मुलांची चौकशी करते, कापसाचा भाव विचारते, आणि एकदा खिरापतीचे पदार्थ ओळीने सांगते.

गाण्यांपैकी चार गाण्यांचे शब्द आमच्या धाकट्या बहिणीच्या शाळेच्या वहीत उतरलेले सापडले आहेत. चाली मात्र वहीत उतरत नाहीत. त्या चाली पुऱ्या येणारी आपल्या मंडळात एकच बाई उरली आहे. १९७५ साली ती त्या गोलात सर्वांत लहान मुलगी म्हणून उभी राहावयाची होती. आता तिला नातवंडे आहेत. यंदाच्या कोजागरीस संमेलनात गाशील काय, असे कार्यकारिणीच्या वतीने विचारावयास आम्ही तिच्या घरी गेलो. तिने दोन अटी घातल्या. निदान आठजणी गोलात हव्यात, आणि पुढ्यात माइक ठेवावयाचा नाही. सहाजणींनी नावे दिली आहेत. दोघींची जागा अद्याप रिकामी आहे.